ड्रॉवरमधली चौदा नंबरची पेटी

माझा मामा ड्रॉवरच्या किल्लीने कान कोरतो. समोर बाईमाणूस बसलंय की सख्खी भाची बसलीय, काही बघत नाही. किल्ली कानात घालतो, डोळे मिटून गोल फिरवतो, बाहेर काढून निरखतो आणि पँटला पुसतो. मग त्याच किल्लीने ड्रॉवर उघडून तुमच्यापुढे बिस्किटं धरतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही. तेवढी इच्छाच उरलेली नाही.

मामा मिठाच्या खाणीचा प्रमुख. सगळे त्याला साहेब म्हणतात. वडील गेल्यावर त्याने मला शिकवलं, खाणीत चिकटवलं, लग्नानंतर माझ्या नवऱ्यालाही तिथेच मीठ कापायच्या मशीनवर लावलं. आमच्या घरची चूल आपल्यामुळे पेटते, हे तो दर भेटीत आडून आडून सुचवतो. माझं काम डब्यांचं आहे. खालचे लोक मला डबीबाई म्हणतात.

डबी म्हणजे काय ते आधी सांगते. जमिनीखाली तीनशे मीटरवर फोन चालत नाही. तारा ओढल्या तर वर्षभरात मीठ त्यांना खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येक माणसाच्या पट्ट्याला एक डबी आणि भिंतीवर दर शंभर पावलांवर एक पेटी. सगळ्या बिनतारी. माणसाने डबीचं लाल बटण दाबलं की ती जवळच्या पेटीला सांगते, ती पेटी तिच्या शेजारणीला, ती पुढच्या शेजारणीला, असं करत करत निरोप लिफ्टपाशी जातो आणि तिथून वर कंट्रोल रूममध्ये. मध्ये कुणी मुकादम नाही. ज्या त्या वेळी जी जवळ सापडेल तिच्या हाती निरोप द्यायचा.

आता या शेजारणींत एखादी खोटारडी निघाली तर? निरोप घेतला आणि गिळून बसली तर? त्यावरही उपाय होता. निरोपाचे तीन तुकडे करायचे. एक डाव्या बोगद्याने पाठवायचा, एक मधल्या, एक उजव्या. एकट्या तुकड्यावरून कुणाला काही कळत नाही, पण कुठलेही दोन वर पोचले की अख्खा निरोप लागतो. म्हणजे एका पेटीने दगा दिला तरी माणूस मरत नाही. शिवाय शेजारणीने तुकडा पुढे दिला की नाही, हे प्रत्येक पेटी कान देऊन ऐकते आणि तिला गुण देते. जिचे गुण घसरतात तिच्याशी बाकीच्या बोलणं टाकतात. हे सगळं मी माझ्या हातांनी भिंतींवर ठोकलं होतं, आणि चारचौघांत मिरवतही होते.

मंगळवारी मी सहज चाचणी म्हणून अगदी टोकाला जाऊन लाल बटण दाबलं. वर येऊन बघते तर निरोप पोचायला अकरा मिनिटं लागलेली. दोन सेकंद लागायला हवे होते. पडद्यावर मात्र लाल, पिवळी, निळी, तिन्ही वाटांच्या तिन्ही रेघा ठणठणीत. मी रेघांमागची यादी उघडली आणि चक्रावलेच. लाल रेघ बावीस नंबरच्या पेटीतून गेली होती, निळी एकतिसातून, पिवळी चौदातून. अहो, बावीस आणि एकतीस दोन वर्षांपूर्वी पाणी शिरून मेल्या होत्या! मीच त्या भिंतीवरून उतरवल्या होत्या. आणि आता त्या बोलत होत्या, वर पैकीच्या पैकी गुण घेत होत्या.

बुधवारी सकाळी मोजायचं यंत्र घेऊन मी त्यांच्या मागावर निघाले. डाव्या बोगद्यात बावीसचा आवाज बारीक होता, उजव्यात एकतिसाचा बारीक होता. लिफ्टकडे यावं तसे दोन्ही वाढायला लागले, अगदी एकाच मापाने. तिन्ही बोगदे जिथे मिळतात तिथे मिठातच कोरलेली मामाची खालची केबिन आहे. आत शिरून यंत्र टेबलाच्या ड्रॉवरपाशी धरलं, तर काटा पार टोकाला जाऊन आपटला. तिथे तीन पेट्या असणं शक्यच नव्हतं. एकच होती, आणि तीन नावं सांगत होती.

"काय हुंगतेस गं?" मामा दारात उभा. हातात किल्ली.

"ड्रॉवर उघडा."

त्याने उघडला. लपवावं असंही त्याला वाटलं नाही, याचीच मला आधी शिसारी आली. आत बिस्किटांचा चुरा, दात कोरायच्या वापरलेल्या काड्या, पुन्हा वापरायला जपून ठेवलेल्या, आणि त्या घाणीत मी ह्याच केबिनसाठी दिलेली चौदा नंबरची पेटी, तेलकट बोटांच्या ठशांनी माखलेली. तिच्या पोटात एका ओळखचिपेऐवजी तीन चिपा. पेट्या पुरवणाऱ्यांच्या एका माणसाकडून त्याने ती तशी बनवून घेतली होती. कुठल्याही पेटीने विचारलं, 'वर जायला सगळ्यांत जवळ कोण?' की ही तिन्ही नावांनी ओरडायची, 'मी!' मग तिन्ही तुकडे धावत हिच्याच ओटीत. ते जुळवून ही निरोप आपल्या छोट्या पडद्यावर दाखवायची आणि त्याखाली विचारायची, 'पाठवायचा का?' मामाने 'हो' दाबलं तर निरोप वर जाणार, नाहीतर ड्रॉवरमध्येच बसणार. चौदाने तुकडा पुढे दिला का, अशी शंका कुणी घेतलीच, तर बावीस सांगायची, 'दिला की, मी ऐकला,' आणि एकतीस तिची री ओढायची. चोरही तोच आणि साक्षीदारही तोच.

"हे कशासाठी, मामा?"

"अगं, एक गजर वर गेला की सगळी खाण थांबवावी लागते. नियम आहे. ही माणसं टाचणीएवढं ढेकूळ पडलं तरी बटण दाबतात. म्हणून आधी मी बघतो. खरं असेल तर पाठवतो. घरातलं मोठं माणूस असतंच ना असं, मध्ये बसून सगळं बघणारं?"

"काल अकरा मिनिटं कुठे होतात?"

"संडासात." तो हसला. "माणसाला पोट असतं की नाही?"

तीस माणसांचा जीव ह्याच्या पोटावर टांगलेला, आणि हा हसतोय! मी तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे ऐकत कान कोरत होता. शेवटी मी ओरडले, "आणि मेलेल्या पेट्यांच्या चिपा तुम्हाला दिल्या कुणी?" वाक्य पुरं व्हायच्या आत मला उत्तर आठवलं.

मीच दिल्या होत्या. पेटी मेली की तिची ओळखचिप काढायची, साक्षीदारासमोर चिमट्याने दोन तुकडे करायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, असा नियम आहे. त्या दिवशी जेवणाची वेळ झाली होती. मामा म्हणाला, "दे इकडे, ड्रॉवरमध्ये टाकतो, उद्या कापू. तू लिहून मोकळी हो." मी लिहून मोकळी झाले. मामा म्हटल्यावर कोण संशय घेतो?

"काढू का रजिस्टर?" मामा प्रेमाने म्हणाला. "'बावीस, कापली. एकतीस, कापली.' खाली तुझी सही. अक्षर काय सुरेख आहे गं तुझं, लहानपणापासून." मग त्याने आवाज आणखी मऊ केला. "उद्या तपासनीस बाई येतायत. त्यांनी पास केलं की नवा भाग सुरू होईल. तेवढं होऊ दे. परवा तिन्ही चिपा तुझ्यासमोर कापतो. आणि उद्या दिवसभर मी इथून हलत नाही, बोट बटणावर ठेवून बसतो. मग तर झालं? तुला मांडीवर खेळवलंय मी. माणसाने खाल्ल्या मिठाला जागावं."

मिठाच्या खाणीत, मिठाच्या भिंतीला पाठ टेकून तो हे म्हणाला. एरवी मी हसून हसून लोळले असते.

"सांभाळून घे, बाळ," तो म्हणाला आणि ड्रॉवरमधलं बिस्किट पुढे केलं. मी ते घेतलं. खाल्लं नाही, पण घेतलं. रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो ताट सरकवून उठेल. तो घास चावत राहिला.

"डबीचं तुला आज कळलं होय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आम्ही डबी दाबतच नाही. सहा महिने झाले. पाण्याचा पाइप जातो ना सगळ्या बोगद्यांतून वरपर्यंत, त्याच्यावर हातोडा मारतो. तीन ठोके म्हणजे धावा. वर लिफ्टवाला ऐकतो आणि माणसं घेऊन मुकाट्याने लिफ्ट खाली सोडतो. ही शिट्टीवाल्याची अक्कल."

शिट्टीवाला म्हणजे त्याचा मशीनवरचा जोडीदार. काम करताना सतत शिट्टी वाजवतो. मला वहिनी म्हणतो आणि भेटला की छळतो, 'वहिनी, तुमची डबी बांधली की पँट घसरते, एखादा पट्टापण द्या की सोबत.' तोच शिट्टीवाला मला तोंडावर हसून मागे पाइप बडवत होता.

"मला का नाही सांगितलंत?"

नवऱ्याने पुढचा घास मोडला. "तू मामांची भाची ना. बाकीचे म्हणाले, नको."

मला इतकं लागलं ते! तीस माणसं माझ्या डब्या पट्ट्याला बांधून फिरत होती आणि एकाचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. गुण घसरलेल्या पेटीसारखंच त्यांनी मलाही मनातल्या मनात टाकून दिलं होतं. आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हे कबूल करायच्या ऐवजी मी काय केलं असेल? मला दुसऱ्या दिवसाची काळजी पडली. पाइप कंट्रोल रूमच्या कोपऱ्यातूनच जातो; ते ठोके मी आजवर पाण्याचेच समजत होते. तपासनीस बाई तिथे बसलेल्या असताना ठोके पडले तर त्या विचारणार, हे काय आहे? मग रजिस्टर निघणार, आणि माझी सही.

"उद्या पाइप वाजवू नका," मी म्हणाले. "उद्या एक दिवस. काही झालंच तर डबी दाबा. मामा बटणावर बसणार आहे."

"आणि नसला बसलेला तर?"

"बसतो म्हणालाय ना! एक दिवसाचा तर प्रश्न आहे. शिट्टीवाल्यालाही सांग. सांभाळून घे ना रे एवढं."

शब्द तेच, आणि आवाजातली साखरही तीच. मला ऐकू आलं ते. नवरा ताट उचलत म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर."

गुरुवारी तपासनीस बाई वेळेवर आल्या. लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या, प्रत्येक गोष्ट वहीत टिपणाऱ्या. बरोबर दहाला त्यांच्या सांगण्यावरून खालून नवऱ्याने डबी दाबली. मामा केबिनमध्ये होता. दोन सेकंदांत निरोप वर. लाल, पिवळी, निळी.

"तिन्ही वाटा वेगळ्या आहेत ना? कुठेही एकाच पेटीतून जात नाहीत?" बाईंनी विचारलं.

"नाही जात," मी म्हणाले.

"तसं लिहून सही करा."

मी केली. बाईंनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि फाइलला लावला. पुढे अर्धा तास त्या बाकीची कागदपत्रं बघत बसल्या. आणि दार उघडून, तोंडभर हसत, हातात चहाचा ट्रे घेऊन मामा आत आला.

मी डोळ्यांनी खालच्या दिशेला खूण केली. त्याने ती बघितली आणि कागदाकडे नजर टाकून मलाच डोळा मारला. सही झाली होती ना, आता कशाला बसायचं खाली? पाहुणचार केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, त्यातून पाहुणा वरचा असला तर विचारूच नका. बाईंना कप देताना त्याचा अंगठा चहात बुडाला. मग तो ऐसपैस बसला, नव्या भागाची बढाई मारायला लागला आणि बोलता बोलता त्याने खिशातून किल्ली काढली. बाईंनी मान फिरवली. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. उठून त्याला खाली हाकलायची हिंमत होत नव्हती.

कोपऱ्यातला पाइप वाजला. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"पाण्याचा पाइप आहे, वाजतो असा," मामा म्हणाला आणि किल्ली दुसऱ्या कानात घातली.

पडद्यावर काहीच नव्हतं. सगळं हिरवंगार. पाइप 'धावा' म्हणतो, पण कुठे ते सांगत नाही. कुठे, ते मामाच्या ड्रॉवरमध्ये होतं. मी त्याच्या हातातून किल्ली हिसकावली. ती ओलसर, चिकट होती. ती मुठीत आवळून मी लिफ्टकडे पळाले. लिफ्टवाला चार माणसं घेऊन निघालाच होता. बाई माझ्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरल्या.

खाली पोचताच मी ड्रॉवर उघडला. बिस्किटांच्या चुऱ्यात चौदा नंबर थरथरत होती. तिन्ही तुकडे व्यवस्थित जुळवून तिने निरोप तयार ठेवला होता. उजवा बोगदा, टोक, छत पडतंय, माणूस अडकलाय. निरोप निघून सात मिनिटं झाली होती. खाली माझ्या नवऱ्याच्या डबीचा नंबर. त्याच्याखाली, 'पाठवायचा का?'

"उजवीकडे! टोकाला!" मी ओरडले. लिफ्टवाल्याची माणसं धावली. मीही धावले.

नवरा दिसला. तो उभा होता आणि हातांनी मीठ उपसत होता. शिट्टीवाला कमरेपर्यंत ढिगाऱ्यात होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला काढलं. जिवंत होता. डाव्या पायाकडे मी एकदाच बघितलं. त्याला उचलून नेताना त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला नाही.

केबिनपाशी बाई चौदा नंबर हातात घेऊन उभ्या होत्या. मामा एव्हाना खाली आला होता. घामाने निथळत होता आणि मला नजरेने तेच सांगत होता, सांभाळून घे.

"या तीन वाटा?" बाईंनी विचारलं.

"ही एकच आहे," मी म्हणाले.

"रजिस्टर म्हणतं की बावीस आणि एकतीसच्या चिपा कापल्या."

"नाही कापल्या. मी मामांना दिल्या. रजिस्टरमधली सही खोटी आहे, आणि ती माझी आहे."

"आणि आज सकाळची?"

"तीसुद्धा."

मामा खाली मान घालून पुटपुटला, "मांडीवर खेळवलेली पोर." बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या पट्ट्याची डबी काढून घेतली.

दुपारी दवाखान्याच्या बाकावर नवरा बसला होता. अंगभर मीठ, हातांवर वाळलेलं रक्त, काही स्वतःचं, काही शिट्टीवाल्याचं. आत डॉक्टर पाय काढत होते. मी शेजारी बसले. तो सरकला नाही, पण त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुम्ही पाइप इतक्या उशिरा का वाजवलात?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"पहिलं ढेकूळ पडलं तेव्हा नुसता बूट अडकला होता त्याचा," तो म्हणाला. "पाय शाबूत. चार माणसं आली असती तर उचलून काढला असता. मी डबी दाबली आणि लगेच हातोडा घेतला. त्याने माझा हात धरला. म्हणाला, वहिनींनी सांगितलंय ना, आज पाइप नको. थांब जरा. येईल कुणीतरी."

"मग?"

"मग थांबलो. चार मिनिटं. तो शिट्टी वाजवत होता. दुसरं ढेकूळ पडायला लागलं, तेव्हा मारला हातोडा."

मी रडत नव्हते, पण नाक वाहत होतं. रुमालासाठी खिशात हात घातला तर रुमालातून कालच्या बिस्किटाचा चुरा बोटांना लागला. मी हात बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पँटला पुसला.